बी-१२ भरपूर, तरी पाय बधिर : नागपूरचं एक प्रकरण

रेफरलच्या चिठ्ठीवर मोजून तीन ओळी होत्या. ‘पुरुष, वय २३. दोन्ही पायांत मुंग्या, तीन आठवड्यांपासून. आता आधाराशिवाय चालता येत नाही. बी-१२ नॉर्मल. जीबीएस? पुढील उपचारासाठी पाठवत आहे.’ (जीबीएस म्हणजे गियां-बारे सिंड्रोम, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार.) चिठ्ठीत खोटं काहीच नव्हतं. पण ‘बी-१२ नॉर्मल’ हे दोन शब्द त्याआधीचे तीन आठवडे सगळ्यांना आडवे येत होते. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवायचं कारण तेवढंच.

ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. पेशंटला निखिल म्हणू. घर मूळ इतवारीतलं, आता बेसा रोडला. वडिलांचा केटरिंगचा धंदा. वर्धा रोड, कोराडी रोडच्या लॉनवरची लग्नं, साक्षगंध, वाढदिवस. आईवडील दोघंही माळकरी, त्यामुळे मांस-मच्छी सोडाच, घरात अंडंही येत नाही. बी.कॉम. झाल्यावर निखिल धंद्यात उतरला आणि डेझर्टचं काउंटर त्याच्याकडे आलं. हा तपशील पुढे कामाला येणार आहे, पण पहिल्या दिवशी तो फाइलमध्ये कुठंच नव्हता. तिथं ‘व्यवसाय’ या रकान्यात नुसतं ‘बिझनेस’ लिहिलेलं होतं.

माझा दवाखाना धंतोलीत. तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही, हे नागपूरकराला सांगायला नको. गाडी दूर लावून मंडळी पायी आली आणि त्यामुळे निखिलची चाल मला दारातूनच पाहायला मिळाली. डाव्या बाजूला वडील, उजव्या बाजूला चुलतभाऊ. पाय गरजेपेक्षा उंच उचलायचा आणि जमिनीवर थाड्‌कन आपटायचा. नजर सतत पायांवर. फुटपाथच्या कडेला भाऊ काहीतरी बोलला, निखिलनं वर पाहिलं, आणि तेवढ्यात गुडघ्यातून खाली गेला. ताकद संपलेला माणूस असा चालत नाही. आपले पाय कुठं आहेत हे ज्याला पाहिल्याशिवाय कळत नाही, तो असा चालतो.

त्यानं स्वतः सांगितलेली हकीकत अशी. एप्रिलच्या मध्यात तळपायांना मुंग्या सुरू झाल्या. मे महिना लागेपर्यंत त्या गुडघ्यांपर्यंत चढल्या आणि बोटांची टोकंही बधिर झाली. “चप्पल मागं राहून जाते सर, अन् मी पुढं निघून जातो. पत्ताच नाही लागत.” सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा, दोनदा कपाळ नळावर आपटलं. मान खाली घालून मोबाइल पाहिला की पाठीतून करंट उतरल्यासारखं व्हायचं. सिग्नलला मोटरसायकल थांबवली आणि पाय टेकला की नाही तेच समजलं नाही, गाडीसकट आडवा झाला. त्या दिवसापासून गाडी बंद. लघवीला घाई लागायला लागली होती, पण ते त्यानं आई बाहेर गेल्यावरच सांगितलं.

आधी काय काय झालं होतं? घराजवळच्या डॉक्टरांनी शाकाहारी घर पाहून बी-१२चा अंदाज बांधला आणि एका आड एक दिवस पाच इंजेक्शनं दिली. अंदाज तर्काला धरून होता. पुण्यात २०४ जणांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या लोकांत बी-१२ कमी निघालं होतं. विदर्भातल्या माळकरी घरात ते कमी असण्यात नवल काहीच नाही. अडचण क्रमाची होती. रक्त तपासलं ते इंजेक्शनं झाल्यावर. रिपोर्ट आला ८७० पिकोग्रॅम प्रति मिली. साधारण दोनशे ते नऊशे ही मर्यादा धरली तर उत्तमच. तिथंच बी-१२चा विषय मिटला. मग कमरेचा एमआरआय झाला, त्यात एका ठिकाणी गादी किंचित सरकलेली दिसली (तेविशीतल्या कुणाचाही एमआरआय काढा, असं काहीतरी बऱ्याचदा सापडतं), पट्टा मिळाला, आराम सांगितला. आराम करूनही पाय जायला लागले तेव्हा घरच्यांना आठवलं पुणं. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसची साथ आली तेव्हा टीव्हीवर दिवसरात्र तेच चाललं होतं. ‘पायांतून सुरू होतं आणि वर चढत जातं’ एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. एका ठिकाणी इम्युनोग्लोब्युलिनचा (जीबीएसवर शिरेतून देतात त्या प्रतिपिंडांचा) कोर्स सुचवला गेला, खर्च काही लाखांत. वडील पैशांची जुळवाजुळव करूनच आले होते. मधल्या काळात आई ताजबागच्या दर्ग्यावर जाऊन आली होती, तेही तिनं न लपवता सांगितलं.

टेबलावरची तपासणी

या प्रकरणाचं निदान मशीननं झालं नाही. हातोडी, ट्यूनिंग फोर्क (वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा) आणि किल्लीचं टोक, एवढ्यावर ते निम्मं झालं.

मांडीची ताकद चांगली होती, घोट्यातून पाऊल वर उचलायची थोडी कमी. म्हणजे चालता न येण्याइतका अशक्तपणा नव्हताच. ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्यावर ठेवला: काही नाही. घोट्यावर: काही नाही. गुडघ्यावर: “काहीतरी ठेवलं वाटते.” कमरेच्या हाडावर आल्यावर त्याला पहिल्यांदा नीट थरथर समजली. डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली केला, तर दहापैकी निम्मी उत्तरं चुकली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढीच बरोबर आली असती. डोळे उघडे ठेवून पाय जुळवून तो कसाबसा उभा राहिला, मिटले आणि भाऊ मागे उभा होता म्हणून बरं.

खरी गोम प्रतिक्षिप्त क्रियांमध्ये होती. हातोडी मारल्यावर पायाला बसायला हवेत ते घोट्याचे झटके दोन्ही बाजूंना गायब. गुडघ्याचे मात्र नेहमीपेक्षा जोरात. तळपायावरून किल्ली ओढली तर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला, दोन्हीकडे.

जीबीएसमध्ये आजार मज्जारज्जूच्या बाहेरच्या नसांचा असतो. झटके जातात ते साधारण सगळेच जातात आणि तळपायाचा अंगठा वर जात नाही. अंगठा वर जाणं म्हणजे मज्जारज्जूला इजा. घोट्याचा झटका जाणं म्हणजे पायातल्या लांब नसांना इजा. दोन्ही एकाच माणसात, शिवाय पायांची जागा न कळणं आणि मान वाकवल्यावर करंट. हे सगळं एकत्र आलं की हात आपोआप बी-१२कडे जातो. आणि बी-१२ तर ८७०.

मानेचा एमआरआय अजून झालाच नव्हता, कारण तक्रार पायांची होती. तो करून घेतला. मानेच्या दुसऱ्या ते सहाव्या मणक्यापर्यंत मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढरी रेघ उमटलेली होती, आणि आडव्या छेदात तीच रेघ उलट्या इंग्रजी ‘व्ही’सारखी. हे तंतू पायांकडून मेंदूकडे ‘आम्ही इथं आहोत’ हा निरोप नेतात. कमरेच्या एमआरआयमध्ये हा भाग येतच नाही. पायांच्या तक्रारीसाठी मान तपासायची हे पेशंटला पटवणं सोपं नसतं, वडिलांनी दोनदा विचारलं, “साहेब, पाय दुखते अन् फोटो मानेचा?”

बी-१२च्या कमतरतेसारखं सगळं, पण बी-१२ भरपूर. अशा वेळी यादी छोटी असते. तांब्याची कमतरता, एचआयव्ही, जुना सिफिलिस, नसांवर उलटलेली प्रतिकारशक्ती, आणि नायट्रस ऑक्साइड. पहिल्या चारांसाठी रक्त काढतात. पाचव्यासाठी प्रश्न विचारावा लागतो, कारण हा गॅस श्वासातून काही मिनिटांत निघून जातो आणि नेहमीच्या लघवीच्या नशा-तपासणीत तो सापडत नाही.

प्रश्न

आईला फाइलचे पैसे भरायला काउंटरवर पाठवलं. वडील आणि भाऊ बाहेर चहाला गेले.

“दारू?”

“नाही सर. घरी माळ आहे.”

“तुझ्या गळ्यात?”

“...नाही.”

“गांजा, गोळ्या, पावडर?”

“नाही सर, कसम.”

“क्रीमच्या सायफनला जे छोटे सिलिंडर लावता, त्यातला गॅस?”

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहायला लागला. “फुगा? हौ, तो घेतो. पण ती काही नशा नाही ना सर. लाफिंग गॅस आहे. दातांचे डॉक्टरच देतात.”

खोटं बोलला नव्हता. नशेच्या यादीत त्याच्या लेखी फुगा येतच नव्हता, म्हणून ‘नशा करतोस का’ला ‘नाही’ हेच त्याचं प्रामाणिक उत्तर होतं. मागच्या तीन आठवड्यांत हा प्रश्न त्याला इतरांनीही विचारला असणारच आणि उत्तर हेच मिळालं असणार. म्हणून या गॅसबद्दल नाव घेऊन विचारावं लागतं: फुगा, गॅस, क्रीमचे सिलिंडर, लाफिंग गॅस. यातला कुठला शब्द समोरच्या पोराचा आहे ते सांगता येत नाही, सगळे वापरावेत.

बाकीचं मग आपोआप आलं. सायफन म्हणजे गॅसच्या दाबानं क्रीम फुलवायची बाटली. तिला लागणारे स्टीलचे चार्जर बोटाएवढे असतात. एकात आठ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड, म्हणजे चारेक लीटर गॅस. खाद्यपदार्थात वापरायला तो मान्य आहे, ९४२ हा त्याचा क्रमांक. दिवाळीनंतरच्या सीझनला काउंटर आवरल्यावर लॉनच्या मागे दोघंतिघं मिळून तो गॅस फुग्यात भरून एकेक फुगा ओढायचे. मिनिटभर डोकं हलकं, कानात घुमल्यासारखं, हसू. संपलं. वासही येत नाही, सकाळी डोकंही धरत नाही, घरी कळत नाही. फेब्रुवारीत दहा-दहाचे डबे ऑनलाइन यायला लागले. मार्चअखेर तो रात्री एकटाच खोलीत घ्यायचा आणि एका रात्रीत तीन-चार डबे संपायचे. आईला कपाटामागे रिकाम्या नळकांड्यांची पिशवी सापडली होती. तिनं ती ‘दुकानाचं सामान’ म्हणून परत वडिलांच्या गोदामात पाठवली.

मुंग्या सुरू झाल्यावर त्यानं मोबाइलवर शोधलं होतं, आणि नायट्रसमुळे बी-१२चा घोळ होतो इथपर्यंत बरोबर पोचलाही होता. त्यातून त्यानं काढलेला उपाय: मेडिकलमधून बी-१२च्या गोळ्या आणून रोज दोन घ्यायच्या आणि फुगा चालू ठेवायचा. शेवटचा फुगा माझ्याकडे यायच्या चार दिवस आधीचा. तेव्हा तो बाथरूमला भिंत धरून जात होता.

भरलेलं आणि चालणारं

गोळ्या आणि इंजेक्शनं घेऊनही हे का झालं, याचं उत्तर बी-१२च्या रेणूच्या मधोमध आहे. तिथं कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो. कोबालामीन हे नाव त्यावरूनच आलं. (त्या रेणूची रचना क्ष-किरणांनी उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४चं नोबेल मिळालं.) शरीरात बी-१२ची दोन कामं. एक, होमोसिस्टीनपासून मेथिओनिन बनवणाऱ्या एन्झाइमला हात देणं. दोन, पेशींच्या ऊर्जाघरात मिथाइलमॅलोनिक आम्लाच्या वाटेवरचं एक काम. पहिलं काम करताना कोबाल्टला अतिशय चपळ, इलेक्ट्रॉन द्यायला आतुर अशा अवस्थेत यावं लागतं. नायट्रस ऑक्साइड नेमका त्या क्षणी त्याला गाठतो आणि ऑक्सिडाइझ करतो. कोबाल्ट निकामी होतोच, पण त्याला धरून बसलेलं एन्झाइमही कायमचं खराब होतं. ते दुरुस्त होत नाही, शरीराला नवीन घडवावं लागतं आणि त्याला काही दिवस जातात. भुलीसाठी सत्तर टक्के नायट्रस दिलेल्या माणसांत या एन्झाइमचं काम निम्म्यावर यायला पाऊण तास पुरतो, असं मोजमाप आहे.

मेथिओनिन थांबलं की त्यापुढची साखळी थांबते. नसांवरचं मायलिनचं वेष्टण नीट राखायला लागणारे मिथाइल गट तिथूनच येतात. मज्जारज्जूच्या मागच्या भागातले लांब, जाड वेष्टणाचे तंतू आधी उघडे पडतात. म्हणून आधी पाय, आधी जागेची जाणीव, आधी थरथर.

आणि रक्ततपासणी? प्रयोगशाळा रक्तात किती बी-१२ आहे ते मोजते. त्यातलं किती कामाचं उरलं आहे ते मोजत नाही. खिशात किल्ल्या किती आहेत ते मोजून कुलूप उघडेल की नाही हे सांगण्यातला प्रकार आहे तो. दात घासलेल्या किल्ल्याही मोजणीत येतातच. शिवाय निखिलनं बाहेरून भर घातली होती, त्यामुळे आकडा अजूनच देखणा.

म्हणून पाहायचं असतं ते होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल. बी-१२ काम करत नसेल तर हे दोन्ही साचतात. दुसरी तपासणी महाग, नमुना बाहेरगावी जातो, रिपोर्टला वेळ लागतो. होमोसिस्टीन नागपुरातच होतं, फक्त एक काळजी घ्यावी लागते: रक्त काढल्या काढल्या बर्फात ठेवून लवकर वेगळं करावं लागतं, नाहीतर नळीतच आकडा वाढत जातो. मे महिन्यात, बाहेर ४४ अंश असताना, कुणी स्कूटरच्या डिकीतून नमुना नेला तर त्या रिपोर्टला अर्थ उरत नाही. आम्ही माणूस बर्फाचा डबा घेऊन बोलावला. आकडा आला ६८ मायक्रोमोल प्रति लीटर. पंधराच्या आत हवा. हिमोग्लोबिन आणि तांबड्या पेशींचा आकार मात्र ठीक होता. बी-१२चा आजार म्हटला की अॅनिमिया हवाच, हा समज इथं कामाचा नाही. तांबं ठीक, एचआयव्ही आणि सिफिलिस निगेटिव्ह. पाठीतलं पाणी स्वच्छ, त्यातलं प्रोटीन वाढलेलं नव्हतं. नसांमधून संदेश कसा जातो ते मोजणाऱ्या एनसीव्ही तपासणीत दोन्ही पायांतल्या लांब नसांचा जोर घटलेला दिसला.

हे ज्ञान नवीन नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. १९५६ साली कोपनहेगनमध्ये धनुर्वाताच्या रुग्णांना झटके थांबवायला दिवसेंदिवस नायट्रस ऑक्साइड दिला गेला आणि त्यांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या. १९७८ साली लेझर यांनी पंधरा जणांचं वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, एक सोडून सगळे दंतवैद्य होते. काही जण दवाखान्यातला गॅस स्वतःसाठी वापरत होते, काहींना तो कोंडलेल्या खोलीत श्वासातून मिळत होता. तेव्हा निखिलला दिलेलं उत्तर असं होतं: दातांचे डॉक्टर देतात ते खरं, पण ऑक्सिजनमध्ये मिसळून आणि थोडा वेळ. फुग्यात ऑक्सिजन नसतोच. आणि या गॅसनं नसा जातात हे आधी दिसलं ते दातांच्या डॉक्टरांमध्येच.

उपचार

पहिला उपचार गॅस बंद. तो चालू असताना बाहेरून कितीही बी-१२ घातलं तरी तेही निकामी होत जातं. हे निखिलला समजावताना रसायनशास्त्र उपयोगी पडलं नाही, त्यानं फक्त एवढंच विचारलं, “मग माझ्या गोळ्यांचे पैसे फुकट गेले?” गेले.

हायड्रॉक्सोकोबालामीन १००० मायक्रोग्रॅम, स्नायूत, एका दिवसाआड सुरू केलं. फॉलिक अॅसिड ते सुरू झाल्यावर जोडलं. एकटं फॉलिक अॅसिड आधी देऊ नये, रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहू शकतं. इम्युनोग्लोब्युलिन दिलं नाही. वडिलांना हे पटवायला अर्धा तास लागला. काही लाखांचं औषध बाजूला ठेवून शंभर-दोनशेचं इंजेक्शन पुढे केलं की माणसाला वाटतं डॉक्टर टाळतो आहे.

एक धोका सहसा नजरेतून सुटतो. होमोसिस्टीन इतकं वाढलेलं, त्यात माणूस अंथरुणाला: शिरांमध्ये गुठळी होण्याची भीती असते. नायट्रस घेणाऱ्या तरुण पोरांत पायात, फुप्फुसात आणि मेंदूच्या शिरेतही गुठळ्या सापडल्या आहेत. निखिलच्या पोटऱ्यांचा डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला, स्वच्छ निघाला. चालायला लागेपर्यंत पोटातल्या इंजेक्शननं रक्त पातळ ठेवलं.

मग फिजिओथेरपी, जिला घरचे लोक ‘मालिश’ म्हणत राहिले. दोन दांड्यांच्या मधून आरशासमोर चालायचं, म्हणजे पायांकडून न येणारी बातमी डोळ्यांनी भरून काढायची. घोट्याला हलकी स्प्लिंट. घरात रात्री दिवा चालू. पायात चप्पल नको, पट्ट्याची सॅंडल. आणि गच्चीवर अनवाणी जायचं नाही: तापलेल्या फरशीवर डाव्या टाचेला आलेला फोड त्याला दिसला तो मोजा काढताना.

पहिल्या दहा दिवसांत मुंग्या वाढल्या. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पेशंट इंजेक्शन बंद करतो. तिसऱ्या आठवड्यात होमोसिस्टीन ११ वर आलं. पायांनी मात्र वेळ घेतला. रक्तातलं रसायन दिवसांत ताळ्यावर येतं, वेष्टण परत चढायला महिने जातात, आणि तंतूच गेलेला असेल तर तो येईलच असं नाही. जुलैत काठी, ऑगस्टअखेर काठीशिवाय, गणपतीत मिरवणुकीबरोबर वस्तीतल्या वस्तीत चालला.

तुळशीचं लग्न

तुळशीचं लग्न लागलं की लॉनवरचे दिवे लागतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या तपासणीला निखिल स्वतः आला, चांगला चालत, पण ‘थोड्या मुंग्या परत आल्या’ असं म्हणत. औषध नियमित, बी-१२ हजाराच्या वर. होमोसिस्टीन ३८.

होमोसिस्टीन वाढलं म्हणजे गॅस घेतला, असा पुरावा होत नाही. थायरॉइड, मूत्रपिंड, फॉलेट यांमुळेही ते वाढतं. पण संशय घ्यायला ते पुरेसं आहे. आकडा त्याच्यापुढे ठेवला आणि काही बोललो नाही. “दोन लग्नं झाली सर,” तो म्हणाला. “काउंटरवर समोरच पडून राहते ना तो डबा.”

तोवर वडिलांना अर्धंच माहीत होतं. ‘गॅसची अॅलर्जी’ असं काहीतरी निखिलनं त्यांना सांगून ठेवलं होतं. त्याच्या संमतीनं त्या दिवशी सगळं सांगितलं. वडील आधी गप्प, मग संतापले, मग म्हणाले, “म्हणजे आता पागलखान्यात टाकायचं का याला?” नागपुरात मनोरुग्णालयाच्या चौकाला लोक अजून त्याच नावानं ओळखतात, आणि त्या एका शब्दापायी कितीतरी घरांतली पोरं मानसोपचाराच्या दारापर्यंत पोचत नाहीत. निखिलला भरती करायची गरज नव्हती. मानसोपचार तज्ज्ञाकडे आठवड्याला एक भेट, झोपेचा प्रश्न सोडवणं, आणि मार्च-एप्रिलमध्ये मित्रांवर उगाच संशय घेणं, चिडणं हे जे घरच्यांनी ‘वय आहे’ म्हणून सोडून दिलं होतं, त्याचा गॅसशी संबंध तपासणं, एवढं होतं. ज्यांना थेट कुणाकडे जायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत, फोन फुकट.

सगळ्यात परिणामकारक उपाय माझा नव्हता, वडिलांचा होता. त्यांनी सायफनच बंद केले. क्रीम आता विजेच्या बीटरनं फेटतात. निखिलला डेझर्टवरून काढून बुकिंगच्या टेबलावर बसवलं. तिथं त्याचं बस्तान बरं बसलं आहे. हिशेबाला पक्का आहे.

हा गॅस कायद्यानं बंद करावा का, हे मला पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात. नेदरलँड्सनं २०२३च्या जानेवारीत मौजेसाठीचा वापर बंदीखाली आणला, ब्रिटननं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. आपल्याकडे भुलीच्या खोलीत तो निळ्या सिलिंडरमध्ये औषध म्हणून असतो आणि बेकरीच्या सामानात क्रीमचं साहित्य म्हणून. बंदीनं काय साधेल ते साधो. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला त्याची वाट पाहायचं कारण नाही. तरुण पेशंट, बधिर पाय, थरथर न समजणं: इंजेक्शन टोचायच्या आधी रक्त काढून ठेवा, त्यात होमोसिस्टीन घाला, आणि घरच्यांना बाहेर पाठवून फुग्याबद्दल विचारा. इंजेक्शन मग लगेच द्या. रिपोर्टसाठी थांबू नका.

नवव्या महिन्याची स्थिती अशी. होमोसिस्टीन १०. मानेच्या एमआरआयमधली रेघ फिकट झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. उजेडात चाल जवळपास सामान्य. अंधारात किंवा खडकाळ जागेवर हात धरायला कुणीतरी लागतं. अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क अजून समजत नाही, घोट्यावर समजतो. मोटरसायकल बंदच, मेट्रोनं येतो. बी-१२चं इंजेक्शन महिन्याला एक, आणि घर माळकरीच असल्यामुळे ते पुढेही चालू राहील. होमोसिस्टीन दर तीन महिन्यांनी, लग्नाच्या सीझनमध्ये दर महिन्याला. पाकिटात एक कार्ड दिलं आहे: कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हे दाखवावे, नायट्रस ऑक्साइड देऊ नये. तसंच कार्ड मी आता बी-१२ खूप कमी असलेल्या, कधीही फुगा न पाहिलेल्या वयस्कर शाकाहारी पेशंटनाही देतो. साठा आधीच तळाला असेल, तर ऑपरेशन टेबलावरचे एक-दोन तासही त्यांना हाच आजार द्यायला पुरू शकतात.